मेलगाडी ठाण्याला थांबते, वाशीला का नाही? लांब पल्ल्याच्या थांब्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर, पनवेल या पट्ट्यातून बाहेरगावी जाणाऱ्या प्रवाशांना नेहमी पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. गाड्यांचे थांबे आणि वेळा बदलत राहतात. त्यामुळे इथली कारणे समजून घ्या, पण निघण्यापूर्वी त्या दिवशीची गाडी एनटीईएस या रेल्वेच्या ॲपवर किंवा १३९ या चौकशी क्रमांकावर तपासून घ्या.

सीएसएमटीहून सुटलेली गाडी ३४ किलोमीटरवर ठाण्याला पुन्हा कशासाठी थांबवतात?

सीएसएमटी शहराच्या अगदी दक्षिण टोकाला आहे आणि प्रवासी राहतात उत्तरेला. वर्तकनगर, घोडबंदर रोड किंवा ऐरोलीच्या कुटुंबाला नाशिकला जायचे असेल, तर थांब्याशिवाय काय करावे लागेल? बॅगा घेऊन लोकलने उलट्या दिशेला सीएसएमटी किंवा दादर गाठायचे आणि मग मेलगाडीत बसून पुन्हा ठाण्यावरूनच पुढे जायचे. त्यात त्यांचा तास-दीड तास जातो, आणि लोकलमधली चार माणसांची जागा बॅगा अडवतात.

दुसरे कारण टर्मिनसवरच्या गर्दीचे. सकाळी मुंबईत येणाऱ्या गाडीतले काही लोक कल्याणला, काही ठाण्याला, काही दादरला उतरले, तर शेवटच्या फलाटावर उतरणारे कमी होतात. म्हणूनच काही गाड्यांना मुंबईकडे येताना थांबा असतो आणि जाताना नसतो. तिकीट काढताना दोन्ही दिशांचे थांबे वेगवेगळे तपासा. इथे फसणारे बरेच असतात.

थांबा द्यायचा की नाही, हे ठरवताना आधी काय पाहतात?

लोकसंख्या आधी पाहत असतील असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पहिला प्रश्न असतो, गाडी तिथे उभी राहू शकते का? ती कोणत्या रुळावरून जाते, त्या रुळाला फलाट आहे का, फलाट पुरेसा लांब आहे का, आणि ती उभी असताना मागच्या लोकल अडतील का. एवढे जमले तरच पुढचा विचार होतो. त्या स्थानकावर आजूबाजूची माणसे सहज पोहोचतात का, तिथून किती तिकिटे विकली जातील, आणि शेजारचा थांबा किती जवळ आहे.

फलाटाची लांबी एवढी महत्त्वाची का?

एलएचबी प्रकारचा एक डबा साधारण २४ मीटरचा असतो. असे २२ डबे आणि पुढे इंजिन मिळून गाडी सुमारे ५५० मीटरची होते. १२ डब्यांची लोकल सुमारे २६० मीटरची, १५ डब्यांची साधारण ३२५ मीटरची. म्हणजे फक्त लोकलसाठी बांधलेल्या फलाटावर मेलगाडी उभी केली, तर निम्मे डबे फलाटाबाहेर राहतात. खाली खडी, शेजारी दुसरा रूळ आणि दारापासून जमीन बरीच खाली. वयस्कर माणूस तिथे उतरूच शकत नाही.

मग फलाट वाढवत का नाहीत? फलाटाच्या टोकाला सांधे (एका रुळावरून दुसऱ्यावर जाण्याची जोडणी), सिग्नल, पूल किंवा नाला असतो. फलाट लांबवायचा तर हे सगळे हलवावे लागते आणि सिग्नल यंत्रणा नव्याने बसवावी लागते. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस सीएसएमटीचे १० आणि ११ क्रमांकाचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी वाढवताना ३६ तासांचा ब्लॉक (कामासाठी वाहतूक बंद) लागला. त्याच वेळी ठाण्यात ५-६ क्रमांकाचा फलाट रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला. शेकडो लोकल रद्द झाल्या आणि लाखो लोकांचे हाल झाले. त्या तीन दिवसांवरून एका फलाटाची किंमत कळते.

दोन मिनिटांचा थांबा. त्याने एवढा काय फरक पडतो?

दोन मिनिटे फक्त चाके थांबलेली असतात. ताशी १०० किलोमीटरने धावणारी, हजार टनांवरची गाडी उभी करायला लोको पायलट सुमारे किलोमीटरभर आधीपासून वेग कमी करतो. सुटल्यावर तो वेग परत गाठायला आणखी वेळ लागतो. सगळे धरून एका थांब्याला पाच ते सात मिनिटे जातात.

हिशेब असा मांडून पाहा. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. गाडीत १,२०० प्रवासी आहेत आणि थांब्यामुळे प्रत्येकाची ६ मिनिटे गेली, म्हणजे एकूण ७,२०० मिनिटे. ठाण्याला उतरणाऱ्या प्रत्येकाची ४५ मिनिटे वाचत असतील, तर निदान १६० जण उतरले तरच थांबा फेडला जातो. साठच उतरत असतील तर बाकीच्यांवर अन्याय आहे. दोनशे उतरत असतील तर थांबा न देणे हा अन्याय आहे.

यात मागच्या लोकल अजून धरलेल्याच नाहीत. जलद मार्गावर गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी लोकल असते. त्याच रुळावर मेलगाडी उभी राहिली, तर तिला सिग्नल दिल्यापासून शेवटचा डबा फलाट सोडेपर्यंत निदान एका लोकलची वेळ जाते. ती लोकल उशिरा, तिच्या मागची आणखी उशिरा, आणि हा उशीर अर्ध्या तासाने डोंबिवलीच्या फलाटावर गर्दी होऊन दिसतो. म्हणून गर्दीच्या वेळेत मेलगाड्या शक्यतो आणत नाहीत. एखादी गाडी उशिरा आली, तर तिला कल्याणच्या अलीकडेच रोखून धरतात.

मग ठाण्याला जमते कसे?

पाचव्या आणि सहाव्या मार्गिकेमुळे. धिम्या लोकलना दोन, जलद लोकलना दोन आणि मेलगाड्यांना दोन रूळ. ठाणे ते दिवा हा तुकडा बरीच वर्षे रखडला होता. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला आणि कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सलग सहा रूळ झाले. त्यामुळे एलटीटीहून (कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून) निघालेली गाडी ठाण्यात जलद लोकलचा रूळ न अडवता थांबू शकते. कुर्ल्याच्या दक्षिणेला मात्र हे काम पूर्ण झालेले नाही. म्हणून सीएसएमटीच्या गाड्यांना तेवढ्या भागात जलद लोकलमध्येच वाट काढावी लागते.

ठाण्याची खरी ताकद तिथल्या जोडणीत आहे. मुलुंड, भांडुप, कळवा, मुंब्रा इथली माणसे मुख्य मार्गाने येतात, तर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी इथली ट्रान्सहार्बरने, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई जोडणाऱ्या लोकल मार्गाने. हा मार्ग नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून ठाण्याचा थांबा निम्म्या नवी मुंबईचाही आहे, आणि थांब्याची मागणी करताना हे आवर्जून मांडायला हवे.

ठाणे आणि कल्याण दोन्ही मोठी स्थानके. कुठल्या गाडीला कुठे थांबा, हे कसे ठरते?

गाडी पुढे कुठे वळते, त्यावर. कोकणात जाणारी गाडी दिव्याला वळून पनवेलकडे जाते. कल्याण तिच्या वाटेवरच नाही. म्हणून कोकणच्या गाड्यांना ठाणे आणि पनवेल असे थांबे मिळतात. कल्याण-डोंबिवलीच्या चाकरमान्यांना गणपतीला गावी जाण्यासाठी मागे ठाण्याला किंवा दिव्याला यावे लागते.

नाशिक आणि पुण्याकडच्या गाड्या दोन्ही स्थानकांतून जातात. कल्याणला एक मार्ग कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे. त्यामुळे टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर अशा दोन्ही फाट्यांवरची माणसे तिथे गोळा होतात. भिवंडीकरही तिथेच येतात. वेगवान गाडीला दोन्ही थांबे देणे परवडत नसेल, तर एकाची निवड करावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन वंदे भारत गाड्या एकाच दिवशी सुरू झाल्या. तेव्हा शिर्डीच्या गाडीला दादर, ठाणे, नाशिक रोड असे थांबे दिले आणि सोलापूरच्या गाडीला दादर, कल्याण, पुणे, कुर्डुवाडी. म्हणजे दोन स्थानकांत दोन गाड्या वाटून दिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याची वंदे भारत आली. ती ठाण्याला आणि कल्याणला, दोन्हीकडे थांबू लागली. जून २०२३ मधल्या मडगावच्या वंदे भारतला ठाणे आणि पनवेल मिळाले, ते वर सांगितलेल्या कारणानेच.

डोंबिवलीत एवढी वस्ती असून मेलगाड्या का थांबत नाहीत?

कल्याण अवघ्या सहा किलोमीटरवर आहे. डोंबिवलीकर दहा मिनिटांत कल्याण गाठू शकतात आणि तिथे त्यांना दोन्ही दिशांच्या गाड्या मिळतात. सहा किलोमीटरवर दुसरा थांबा दिला, तर गाडीला वेग घ्यायलाच जागा उरत नाही.

वाशी, नेरुळ, बेलापूर ही मोठी, ऐसपैस स्थानके आहेत. तिथे एक्स्प्रेस का येत नाही?

ती स्थानके फक्त उपनगरी गाड्यांसाठी आखली आहेत. वाशीपर्यंतची रेल्वे १९९२ मध्ये आली. सिडको आणि रेल्वेने मिळून नवी मुंबईतले मार्ग बांधले, तेव्हा हेतू मुंबई आणि नवे शहर लोकलने जोडण्याचा होता. सीएसएमटीहून वाशीमार्गे पनवेलला जाणाऱ्या हार्बर मार्गाला दोनच रूळ आहेत आणि ते लोकलनेच भरलेले असतात. मेलगाडी उभी करायला वेगळा रूळ नाही. फलाट लोकलच्या मापाचे आहेत. वर उंच छत आणि व्यापारी संकुल असले, तरी खाली रुळांची संख्या दोन-चारच आहे.

मुंबईहून कोकणात जाणारी गाडी तर वाशीवरून जातच नाही. ती ठाणे, दिवा, निळजे, तळोजे, कळंबोली या वाटेने पनवेलला येते.

मग नवी मुंबईकरांनी गाडी कुठून पकडावी?

कोकण, गोवा, मंगळुरू, केरळ यांसाठी पनवेल. पनवेलला उपनगरी फलाट वेगळे आणि मेलगाड्यांचे फलाट वेगळे आहेत. लोकलमधून उतरून दुसऱ्या फलाटावर जायला सामानासह दहा-पंधरा मिनिटे हाताशी ठेवा. नांदेड आणि गोरखपूरच्या काही गाड्या पनवेलहूनच सुटतात, म्हणजे चढायला पुरेसा वेळ मिळतो.

नाशिक, भुसावळ, नागपूर, उत्तर भारत यांसाठी ऐरोली-घणसोली-कोपरखैरणेकरांना ट्रान्सहार्बरने ठाणे सोपे पडते. गाडी एलटीटीहून सुटत असेल, तर वाशी-नेरुळकरांनी हार्बरने टिळकनगरला उतरावे. तिथून एलटीटी जवळ आहे. सोबत लहान मुले आणि जड सामान असेल, तर दोन मिनिटांच्या थांब्यापेक्षा एलटीटीच चांगले. गाडी आधीपासून फलाटावर लागलेली असते.

दिवा जंक्शन आहे. तिथे का थांबत नाहीत?

दिव्याहून कोकणाकडे आणि वसईकडे जाणाऱ्या साध्या गाड्या सुटतात. पण वेगवान मेलगाड्यांना ठाणे जवळ असल्याने दिवा वगळला जातो. दिव्याला तर जलद लोकलचा थांबासुद्धा झगडून मिळाला. जानेवारी २०१५ मध्ये तिथे मोठे रेल रोको झाले. थांबा मिळाला डिसेंबर २०१६ मध्ये, जलद मार्गाला फलाट बांधल्यानंतर. मागणी कितीही रास्त असली, तरी रुळाशेजारी फलाट नसेल तर आधी तो बांधावा लागतो.

कर्जत, कसारा, इगतपुरी ही छोटी गावे. तिथे बड्या गाड्या कशा थांबतात?

हे तांत्रिक थांबे आहेत. बोरघाट आणि थळघाट या दोन्हींत चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तो चढायला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात. पुण्याकडे जाताना ती कर्जतला लागतात, नाशिककडे जाताना कसाऱ्याला. गाडी तिथे उभी राहते, पण वेळापत्रकात प्रवाशांसाठी थांबा नसेल तर तिथून तिकीट मिळत नाही.

इगतपुरीची गोष्ट थोडी वेगळी. मुंबईच्या बाजूला पूर्वी १,५०० व्होल्टचा डीसी वीजपुरवठा होता आणि पुढे २५,००० व्होल्टचा एसी. त्यामुळे तिथे इंजिन बदलावे लागे. २०१५ मध्ये मुख्य मार्गावरचे डीसीवरून एसीवर परिवर्तन पूर्ण झाले आणि ती गरज संपली. दोन्ही टोकांना इंजिन असलेल्या पुश-पुल गाड्या आणि वंदे भारत यांना तर बँकरही लागत नाही. वाचलेली ती मिनिटे ठाणे-कल्याणसारख्या गर्दीच्या थांब्यांना द्यायला हवीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गुजरातहून कोकणात किंवा पुण्याला जाणाऱ्या गाड्या ठाण्याला का मिळत नाहीत?

त्या वसई रोड, भिवंडी रोड मार्गे येतात. कोकणच्या गाड्या दिव्याजवळून थेट पनवेलला जातात आणि पुण्याच्या कल्याणकडे वळतात. ठाणे त्यांच्या वाटेच्या बाजूला राहते. अशा गाडीसाठी वसई रोड, कल्याण किंवा पनवेल यांपैकी जे जमेल ते धरा.

ठाण्याला दोन मिनिटांत सामानासकट चढायचे कसे?

मेलगाड्या साधारण ५ ते ८ या फलाटांवर येतात. सॅटिसच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून आलात, तर पूल चढून बरेच आत चालावे लागते. पूर्वेकडून, म्हणजे कोपरीच्या बाजूने, हे फलाट तुलनेने जवळ पडतात. मोठे सामान असेल तर रिक्षा किंवा टॅक्सी कोपरीकडे न्या. गाडीच्या वेळेआधी निदान अर्धा तास स्थानकात असा, कारण फलाट क्रमांक ऐनवेळी बदलू शकतो आणि पुलावर संध्याकाळी पाऊल टाकायला जागा नसते.

फलाट कळला की डबा कुठे येणार ते पाहा. फलाटावर डब्यांचे क्रमांक दाखवणाऱ्या पाट्या असतात. ५५० मीटरच्या गाडीत चुकीच्या टोकाला उभे राहिलात, तर दोन मिनिटांत दुसरे टोक गाठणे सामानासह अशक्य आहे. गाडी सुटायला लागली तर जो डबा समोर आहे त्यात आधीच चढा आणि आतून पुढे जा. जनरल डबे आणि वातानुकूलित डबे यांच्यामध्ये आतून वाट बंद असू शकते, तेवढे लक्षात ठेवा. चढताना आधी माणूस आत आणि मग सामान. बॅग आत गेली आणि मालक फलाटावर राहिला, असे झाले की माणूस चालत्या गाडीमागे धावतो आणि अपघात होतो.

कुणी मागे राहिले म्हणून चेन ओढली तर?

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४१ नुसार, पुरेशा कारणाशिवाय चेन ओढल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. चेन ओढली की ब्रेक पाइपमधली हवा सुटते. कर्मचाऱ्याला त्या डब्यापर्यंत चालत जाऊन यंत्रणा पूर्ववत करावी लागते. मग पाइपमधल्या हवेचा दाब पुन्हा पूर्ववत होईपर्यंत गाडी हलत नाही. ठाण्यात हे घडले की मागे लोकलची रांग लागते. मागे राहिलेल्या माणसाने लोकलने कल्याण किंवा पुढचा थांबा गाठायचा प्रयत्न करावा, नाहीतर १३९ वर कळवावे.

थांबा नसलेली गाडी ठाण्याजवळ उभी राहते. तिथे उतरावे का?

नाही. ती सिग्नलला उभी असते. दारासमोर फलाट नसतो, बाजूच्या रुळावरून लोकल येत असते, आणि वळणावर ती अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही.

तिकीट सीएसएमटीचे आहे आणि ठाण्याला चढायचे आहे. चालेल?

बोर्डिंग स्टेशन बदलले असेल तरच निर्धास्त राहा. ऑनलाइन तिकीट असेल तर आयआरसीटीसीवर हा बदल करता येतो. निदान २४ तास आधी करून ठेवा. एकदा ठाणे केले की मग सीएसएमटी किंवा दादरहून त्या जागेवर हक्क राहत नाही. भाड्यातला फरक परत मिळत नाही. बदल न करता ठाण्याला चढलात, तर तोवर टीसीने जागा रिकामी समजून दुसऱ्याला दिलेली असू शकते. लोकलचे तिकीट दाखवून मेलगाडीत ठाण्यापर्यंत येणे हा वेगळाच प्रकार आहे, तो विनातिकीट प्रवास धरला जाऊ शकतो.

परदेशातही उपनगरांत असे थांबे असतात का?

असतात, पण निवडीचे कारण वेगळे. अमेरिकेत ॲमट्रॅकच्या गाड्या बॉस्टनबाहेर रूट १२८, न्यू जर्सीत मेट्रोपार्क आणि वॉशिंग्टनजवळ न्यू कॅरोल्टन इथे थांबतात. ही स्थानके महामार्गाला लागून आहेत आणि शेजारी मोठी वाहनतळे आहेत. प्रवासी घरून मोटारीने येतो, गाडी लावतो आणि रेल्वेत बसतो. आपल्याकडे तो लोकलने, बसने किंवा रिक्षाने येतो. म्हणून तिथे महामार्गाजवळची मोकळी जागा पाहतात आणि इथे लोकलच्या मार्गांचा संगम. ठाण्यात मोटार लावायला जागा किती, यावरून थांब्याचा वाद घालण्यात अर्थ नाही. पुलांची रुंदी आणि सरकते जिने चालू आहेत की बंद, यावर जरूर भांडा.

नवा थांबा हवा असेल तर मागणी कशी करावी?

नुसते 'सर्व गाड्या थांबवा' असे निवेदन फाइलमध्ये पडून राहते. एकच गाडी घ्या. तिचा क्रमांक, दिशा आणि तुमच्या स्थानकावरून जाण्याची अंदाजे वेळ लिहा. ती वेळ गर्दीची नसेल, तर ते ठळकपणे मांडा. गाडी कोणत्या फलाटाच्या रुळावरून जाते ते लिहा. सध्या तुमच्या भागातले प्रवासी कुठे जाऊन ती पकडतात आणि त्यात किती वेळ जातो, तेही लिहा. विकल्या गेलेल्या तिकिटांची आकडेवारी माहिती अधिकारात मागता येते. अर्जाचे शुल्क १० रुपये.

निवेदन मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना द्या. प्रत वरिष्ठ विभागीय वाणिज्य व्यवस्थापक आणि वरिष्ठ विभागीय परिचालन व्यवस्थापक यांना पाठवा. पहिला उत्पन्न पाहतो, दुसरा रूळ आणि वेळ. खासदारांमार्फत आणि रेल्वे वापरकर्त्यांच्या विभागीय सल्लागार समितीच्या सदस्यांमार्फत पाठपुरावा करा. प्रस्ताव विभागातून मुख्यालयात आणि तिथून रेल्वे बोर्डाकडे जातो.

मंजुरी बहुधा प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिन्यांसाठी असते. ढोलताशे वाजतात, हिरवा झेंडा दाखवला जातो आणि लोक निर्धास्त होतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. त्या काळात तुमच्या स्थानकाच्या नावाने किती तिकिटे निघाली ते मोजले जाते. सवयीने दादर किंवा सीएसएमटीचे तिकीट काढून ठाण्याला उतरलात, तर तुमची नोंद ठाण्याच्या खात्यात होत नाही. कोरोनाकाळात नव्याने आखलेल्या वेळापत्रकात अनेक थांबे गेले आणि ते परत मिळवायला लोकांना वर्षे घालवावी लागली. म्हणून थांबा मिळाला की सोसायटीच्या, मंडळाच्या ग्रुपवर हे सांगा: तिकिटावर 'पर्यंत' आणि 'पासून' या दोन्ही ठिकाणी आपल्याच स्थानकाचे नाव टाका.